अध्यक्षांची स्पेशल

रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होरेस ब्रॅडिश याची स्पेशल गाडी निघाली की लाइनवरच्या यच्चयावत गाड्या बाजूला व्हायच्या. मालगाडी असो, टपालाची असो, नाहीतर बाजाराला निघालेल्या बायकांची पॅसेंजर असो. तारेवरून हुकूम सुटायचा : पुढच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, जा आणि अध्यक्षांची गाडी जाईपर्यंत हलू नका. रूळ एकेरी होता आणि एकेरी रुळावर दोघांना जागा नसते. मग कुणी थांबायचं, हे होरेसनं अध्यक्ष झाल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

त्याच्या बायकोला, लोविनाला, या रिवाजाचं फार कौतुक. खोटं कशाला बोला, खिडकीतून बाजूला उभ्या गाड्या पळताना दिसल्या की तिची मान आपोआप ताठ व्हायची. लोक डब्यांतून खाली उतरून पाय मोकळे करत असायचे, टोप्या काढायचे आणि ती आतून रुमाल हलवायची. रुमाल हलवायची सवय तिला होरेसनंच लावली होती. तो म्हणायचा, लोकांना थांबवावं लागतं, मग निदान बरं तरी वाटू दे त्यांना.

ही लोविना काही चांदीच्या चमच्यानं दूध प्यायलेली नव्हती. तिच्या आईची कालव्याकाठी खानावळ होती आणि होरेस तिथे जेवायला येणारा साधा ब्रेकवाला. ब्रेकवाला म्हणजे बर्फ असो की पाऊस, धावत्या मालगाडीच्या टपावरून पळत जाऊन एकेका डब्याचं ब्रेकचं चाक फिरवणारा माणूस. पाय सटकला की संपला. लोविनानं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली होती, ब्रेकवाला करणार असशील तर काळे कपडे आत्ताच शिवून ठेव. पण लग्नाच्या दिवशी तीच म्हातारी काखेत भलीमोठी डुकराची तंगडी मारून, चिखल तुडवत चर्चच्या दारात येऊन उभी राहिली होती. लोविनाला ते पुढे बऱ्याचदा आठवलं, पण वेळ गेल्यावर.

होरेसचा पाय सटकला नाही. तो टपावरून खाली उतरला तो थेट ऑफिसात आणि तिथून एकेक पायरी चढत तळ्याकाठच्या त्या मोठ्या रस्त्यावर, जिथे शहरातल्या लोखंडवाल्यांचे आणि तेलवाल्यांचे दगडी बंगले होते. अध्यक्ष झाल्यावर त्यानं स्वतःसाठी डबा बांधून घेतला. आतून अक्रोडाचं लाकूड, मखमलीच्या खुर्च्या, वेगळा स्वयंपाकी, आणि बाहेरच्या अंगाला सोनेरी अक्षरांत एकुलत्या एका मुलीचं नाव : अल्मीरा.

अल्मीरा एकोणीस वर्षांची असताना त्याच डब्याच्या मागच्या ओट्यावर तिचं जमलं. बापाबरोबर ती लाइनच्या पाहणीला गेली होती आणि स्पेशलवर ब्रेकवाला म्हणून ओवेन गॅफनी नावाचा पोरगा होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. डबे जोडताना मध्ये हात घालावा लागायचा, तिथे बोटं जायची. त्या धंद्यात ते इतकं नित्याचं होतं की दहा बोटांचा माणूस नवखा समजायचे. आपोआप जोडले जाणारे सांधे तेव्हा निघाले होते, पण बोर्डाच्या सभेत तो विषय आला की दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. अल्मीरानं त्याला विचारलं, दुखलं का? तो म्हणाला, मला कमी, गार्डला जास्त, गाडीला उशीर झाला ना त्याच्या. एवढ्यावर ती हसली आणि तिथेच सगळं आटपलं.

होरेसच्या मते ओवेनमध्ये चार दोष होते. तो ब्रेकवाला होता, आयरिश होता, कॅथलिक होता, आणि अध्यक्षांशी बोलताना नजर खाली घालत नव्हता. पहिले तीन कदाचित पोटात घातलेही असते, चौथा नाही. दोघांनी पळून जाऊन पाद्र्यासमोर लग्न केलं. होरेसनं दुसऱ्याच दिवशी ओवेनला काढून टाकलं आणि अशा गोष्टी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कशा पोचतात कोण जाणे, त्या राज्यातल्या एकाही रेल्वेनं मग त्याला दारात उभं केलं नाही. लाइनच्या एका फाट्याच्या शेवटच्या टोकाला विल्टन नावाचं गाव होतं, तिथल्या लाकडाच्या वखारीत तो लागला.

डब्यावरचं अल्मीराचं नाव खरवडून काढलं आणि त्या जागी रंगाऱ्यानं 'लोविना' लिहिलं. ऊन तिरपं पडलं की नव्या सोन्याखाली जुन्या अक्षरांचे व्रण दिसायचे. लोविना त्यासाठी रडली. आणि आता सांगायचंच तर पुरतं सांगावं : आपलं नाव तिथे बघून तिला आत कुठेतरी बरंही वाटलं. या दुसऱ्या गोष्टीसाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

तीन वर्षं गेली. लोविनानं नवऱ्यापुढे मुलीचं नाव काढायचं आणि त्यानं वर्तमानपत्र वर धरायचं, असं चाललं होतं. विल्टनला जायचं तर त्याच्याच गाडीनं, त्याच्याच पासावर, त्याच्याच गार्डांच्या नजरेखालून जायचं. अध्यक्षाच्या बायकोनं आयुष्यात कधी तिकीट काढलं नव्हतं. तिकीट काढूनही जाता येतं, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. नात झाल्याचं तिला परस्पर, एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून कळलं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी तार आली. जेवण वाढलेलं होतं. नोराला घटसर्प झालाय, घसा बंद होत चाललाय, इथला डॉक्टर हात टेकून बसलाय, शहरातला पाठव. खाली अल्मीराचं नाव. तार लोविनाच्या नावानं होती. ती तिनं वाचली आणि काही न बोलता नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

होरेसनं वाचली. सुरी-काटा खाली ठेवला.

"नोरा म्हणे. त्या गॅफनीच्या आईचं नाव असणार. लोकांचे कपडे धुवायची ना ती?"

होरेसची स्वतःची आई कालव्यावरच्या नावाड्यांचे सदरे धुवायची. हे लोविनाच्या ओठांवर आलं, पण ती मूग गिळून बसली. तिला आज भांडण जिंकायचं नव्हतं, तिला विल्टनला जायचं होतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. होरेसनं रुमालाची घडी केली, परत मोडली, परत केली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "स्लोकमला निरोप पाठव. त्याची ती घशात घालायची नळी घेऊन ये म्हणावं. आपण जाऊ."

लोविनाला त्याचे हात धरावेसे वाटले. तीन वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं. डॉक्टर स्लोकम म्हणजे त्या शहरात मुलांच्या घशासाठी देवमाणूस. चाकू न लावता बारीक नळी आत सरकवून त्यानं कितीतरी घरची मुलं परत आणली होती. तो तासाभरात पेटी घेऊन दारात हजर झाला आणि आत्ताच निघू म्हणाला. रात्रीची टपालगाडी अजून सुटायची होती.

पण टपालगाडीनं अध्यक्ष जाणार कसे? होरेस म्हणाला, "चोरासारखं अंधारात कशाला जायचं? उजाडलं की स्पेशल काढू. रात्रीतून मूल काही कुठे जात नाही."

डॉक्टर काहीतरी पुटपुटला, पण त्याच्या इस्पितळाला होरेसच्या देणगीतून नवी इमारत मिळायची होती. तोही गप्प बसला.

तेव्हा लोविनानं विचारलं, "अल्मीराला एक तार करू या का? येतोय म्हणून?"

"अजिबात नाही. आपली तार म्हणजे लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनातलं पोरगं वाचणार. अध्यक्ष निघाले ब्रेकवाल्याच्या दारात, म्हणतील. हुकुमात पाहणी म्हणून लिहायचं. आपण जाऊन दारात उभं राहू, मग बघू दे कोण आलंय ते."

हे शेवटचं वाक्य त्यानं जरा हसून म्हटलं. त्याला ते दृश्य आत्ताच दिसत होतं : बर्फातलं खोपट, दारात फर घातलेला बाप, मुलीच्या डोळ्यांत पाणी. माणूस दुष्ट नव्हता. फक्त कुठलंही चांगलं काम त्याला वाजतगाजतच करता यायचं.

शहरात दुसऱ्या कंपनीचं तारऑफिस होतं. तिथून तार गेली असती तर होरेसला पत्ताही लागला नसता. कामवाल्या बाईला शाल गुंडाळून पाठवायचं, एवढंच. लोविनानं ते ठरवलंही. मग तिला वाटलं, होरेसला कळलं तर? मन पालटलं तर? हाती आलेलं निसटायला नको. एका रात्रीचा तर प्रश्न, असं म्हणून ती कपाट उघडून बसली आणि नातीसाठी काय काय न्यायचं ते काढू लागली. चांदीचा पेला, लोकरीचे मोजे, अल्मीराच्या लहानपणची निळी कुंची.

सकाळी उजाडलं तरी गाडी निघेना. रात्रीतून पाइप गोठले होते. डब्यातली शेगडी तापली नव्हती आणि थंड डब्यात होरेस पाय ठेवायचा नाही. स्वयंपाकी बर्फातून नाश्त्याचे ऑयस्टर शिंपले आणायला गेला होता. पितळेच्या दांड्यांवर डाग होते म्हणून दोन माणसं त्या घासत होती. आणि लोविनानंही उशीर केला, हेही सांगायलाच हवं. घरातून निघताना तिला बाहुली आठवली, ती माळ्यावर होती, ती शोधण्यात वेळ गेला. इकडे लाइनवर हुकूम मात्र ठरल्या वेळेचा सुटला होता आणि ठरल्या वेळेपासून गाड्या बाजूला उभ्या राहत चालल्या होत्या.

एकदा गाडी सुटली ती मात्र वाऱ्यासारखी. होरेसनं ऑयस्टर खाल्ले, कॉफी घेतली आणि तो बोलू लागला. मूल बरं झालं की त्यांना शहरात आणायचं. गॅफनीला कुठेतरी गोदामावर चिकटवून देता येईल, बोटं नसली तरी मोजता तर येईल. पोरीचं नाव बदलावं लागेल, नोरा काही चालायचं नाही त्या रस्त्यावर. डॉक्टर होकार भरत होता. लोविना बाहुलीचे केस विंचरत बसली होती. किती दिवसांनी तिला पोट भरून सुख वाटत होतं.

स्टोनी क्रीकला एक पॅसेंजर बाजूला उभी होती. बराच वेळ उभी असावी, कारण तिच्या टपावर ताजा बर्फ साचला होता आणि डब्यांच्या काचा आतल्या वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. होरेसनं खूश होऊन बोट दाखवलं. "बघ, पर्डी गार्ड आहे तिच्यावर. किती चोख बाजूला घेतलीय."

तेवढ्यात डब्यांच्या कडेनं एक माणूस धावत आला. डोक्यावर टोपी नव्हती. तो रुळाच्या अगदी कडेला येऊन दोन्ही हात वर करून हलवायला लागला, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असावा. दोघं-तिघं त्याला मागे ओढत होते.

"काय झालं त्याला?" लोविनानं विचारलं.

"काही नाही. जयजयकार करतायत. थंडीत दारू जास्त होते यांची. रुमाल दाखव."

लोविनानं रुमाल हलवला. तेवढ्यापुरती ती हसलीसुद्धा. पॅसेंजरच्या खिडक्या सरसर मागे गेल्या. एका काचेवर कुणीतरी हातानं पुसून वाटोळं भोक केलं होतं, त्यातून एक चेहरा दिसल्यासारखा झाला आणि गेला. डॉक्टर स्लोकम तेव्हा आपली पेटी मांडीवर घेऊन नळ्या पुसत होता.

विल्टनला खोपटाला कुलूप होतं. शेजारची बाई हात पुसत बाहेर आली आणि तिनं सगळं सांगितलं. रात्रभर उत्तराची वाट बघितली हो त्यांनी. चार वेळा गेला तो स्टेशनावर, तार आली का विचारायला. पहाटे पोरीचे ओठ निळे झाले तेव्हा म्हणाले, आता कुणाची वाट बघायची नाही. सकाळच्या पॅसेंजरनं गेले घेऊन शहरात. तुम्हाला वाटेत भेटली असेल की ती गाडी.

लोविना तिथेच बर्फात बसली. होरेस मात्र तडक स्टेशनावर गेला आणि त्यानं तारवाल्याला पॅसेंजर कुठे आहे विचारायला लावलं. उत्तर लगेच आलं. पॅसेंजर पुढे गेली, एक जोडपं स्टोनी क्रीकला उतरलं, बरोबरचं मूल वारलं.

परतीच्या वाटेवर हुकूम पुन्हा सुटला होता, गाड्या पुन्हा बाजूला झाल्या होत्या, आणि आता कुणाला कसलीच घाई नव्हती.

स्टोनी क्रीकचा मुसाफिरखाना म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि भिंतीला टेकलेली बाकं. गार्ड पर्डी तिथेच थांबला होता. त्यानं आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन पुढे पाठवली होती, हातात टोपी धरून तो दाराशी उभा होता. होरेस त्याच्यावरच पहिला घसरला.

"मूल मरत होतं आणि तू गाडी उभी ठेवलीस?"

"आपला हुकूम होता, साहेब. मी दोनदा तार करून विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, थांबा."

"आणि त्या माणसाला लाल बावटा का नाही दिलास? आम्ही थांबलो असतो."

पर्डीनं त्याच्याकडे बघितलं. "मागच्या वर्षी टोलँडला एकानं दाखवला होता, साहेब. पूल जळतोय असं वाटलं त्याला, पण नुसता धूर निघाला. आपण त्याला घरी पाठवलंत."

होरेसनंच नजर खाली घातली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठवड्याभरानं पर्डीलाही घरी पाठवलं. कुणाचा तरी दोष असायलाच हवा होता आणि वरच्या बाजूला तो कधी लागत नाही.

अल्मीरा शेगडीजवळच्या बाकावर बसली होती. मांडीवर शालीत गुंडाळलेलं मूल होतं, तोंड झाकलेलं नव्हतं. ओवेन शेजारी उभा होता, उजवा हात तिच्या खांद्यावर, तीन बोटांचा. लोविनाला आत्ता कळलं, कोण धावत होतं ते. तिच्या हातात अजून बाहुली होती. ती कुठे ठेवावी हे तिला कळेना.

"अल्मीरा," ती म्हणाली. "आम्ही तुझ्याकडेच येत होतो गं. डॉक्टरला घेऊन."

अल्मीरा तिच्याकडे वळली. ती रडत नव्हती. तीन वर्षांत ती बारीक झाली होती आणि तिचे हात तिच्या आजीच्या हातांसारखे खरबरीत झाले होते.

"डॉक्टर गाडीत होता?"

"हो गं."

"आमच्या बाजूनं गेला तेव्हा?"

लोविनानं मान हलवली. ओवेननं तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी काच पुसली होती," अल्मीरा म्हणाली. "नोराला दाखवत होते, बघ आजोबांची गाडी. तिला श्वास येत नव्हता, पण डोळे उघडे होते. तुझं नाव आलं, मोठं, सोन्याचं. मग तू दिसलीस. मला वाटलं, आईनं बघितलं आपल्याला, आता गाडी थांबेल. तू रुमाल हलवलास."

लोविना पुढे झाली आणि तिनं मुलाच्या अंगावरची शाल नीट करायला हात घातला. अल्मीरानं तो हात बाजूला केला. झिडकारला नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवला.

मागून होरेस म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला होता, हे त्याच्या बाजूनं नोंदवायलाच हवं, "चला, आपल्या डब्यातून नेऊ तिला. घरी. ग्रीनवूडच्या दफनभूमीत आपली जागा आहे, संगमरवरी—"

"नको, पपा. आम्ही येणाऱ्या पॅसेंजरनं परत जातो. तिथे तिचं घर आहे."

"मग मी येते तुमच्याबरोबर," लोविना म्हणाली. "बसते मी पॅसेंजरमध्ये. मला काही नको. मला येऊ दे फक्त."

खिडकीबाहेर स्पेशल उभी होती, सगळ्या रुळावर पसरून. इंजिन धापा टाकत होतं. अल्मीरानं तिकडे बघितलं.

"आई, तुझी गाडी उभी आहे," ती म्हणाली. "ती उभी आहे तोवर आमची पॅसेंजर इथवर यायची नाही. तू जा."

लोविना गेली. कारण ते खरं होतं.

होरेसनं दुःख केलं नाही असं कुणी म्हणू नये. तो दोन महिने ऑफिसात कमी गेला, रात्री खालच्या खोलीत दिवा न लावता बसायचा, आणि मुलीला त्यानं पाठवलेला प्रत्येक निरोप तसाच परत आला. मग उन्हाळ्याच्या तोंडावर एके सकाळी न्याहारीला तो बराच मोकळा दिसला. म्हणाला, रंगाऱ्याला बोलावलंय. डब्याला नोराचं नाव द्यायचं. सोन्याचा मुलामा चांगला जाड घ्यायला सांगितलाय.

लोविनानं हातातला पाव खाली ठेवला. "नका हो," ती म्हणाली. "त्या पोरीला तरी सोडा."

"सोडा काय? मी आठवण ठेवतोय तिची. ही लाइन आहे तोवर लोक तिचं नाव वाचतील."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खरे अश्रू होते, आणि त्यामुळेच त्या माणसापुढे काही बोलून उपयोग नव्हता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण इथे तर झोपाही मिरवायलाच केलेला. लोविना उठली, वर गेली. त्या दिवसापासून ती पुन्हा त्या डब्यात चढली नाही.

जूनमध्ये तिनं आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसानं तिला ओळखलं आणि गोंधळून पास पुढे केला. ती म्हणाली, पास नको, विल्टनचं एक द्या. तेव्हापासून ती दर महिन्याला जायची. अल्मीरा दार उघडायची नाही. लोविना पायरीवर बसायची, दुपारी टोपली तिथेच ठेवून परत निघायची. पुढच्या खेपेला रिकामी टोपली पायरीवर असायची. ती शेजारणीनं रिकामी केली की मुलीनं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

ऑगस्टात एकदा पॅसेंजर स्टोनी क्रीकला बाजूला गेली आणि थांबली. ऊन मी म्हणत होतं. लोविनाच्या समोर अंडी विकायला निघालेली एक शेतकरीण होती, टोपलीवर ओलं फडकं घालून बसली होती. ती गार्डला म्हणाली, "परत अध्यक्ष का? अरे, त्याला म्हणावं घरी बस की जरा. माझी अंडी उबून पिल्लं निघतील इथे."

डबाभर माणसं हसली. गार्डनं लोविनाकडे बघून शेतकरणीला गप्प राहायची खूण केली, पण ती कशाला गप्प राहते.

पुष्कळ वेळानं स्पेशल आली. इंजिन, सामानाचा डबा, आणि मग तो डबा, नव्या रंगानं लखलखणारा. 'नोरा' अशी अक्षरं खिडकीसमोरून सरकली. खाली दोन जुनी नावं होती, पण ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे व्रण दिसले नाहीत. मखमलीच्या खुर्चीत होरेस एकटाच वर्तमानपत्र वाचत बसला होता. थांबलेली गाडी बघून त्यानं सवयीनं हात वर केला आणि हलवला. बायको त्याला दिसली नाही.

"नाव तरी गोड ठेवलंय मेल्यानं," शेतकरीण म्हणाली. "मुलगी असेल." मग फडकं झटकून तिनं लोविनाला विचारलं, "तुम्ही कुठवर, बाई?"

"विल्टनला. मुलीकडे."

"मग काय, वाट बघत असेल ती."

"नाही," लोविना म्हणाली. "वाट मी बघतेय."

शेतकरणीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. तिनं टोपलीतली दोन अंडी काढून लोविनाच्या टोपलीत ठेवली, मुलीसाठी. गाडी अजून सायडिंगलाच उभी होती.